आमाल्फी किनारा: आई-बाबांना घेऊन जायचंय, मुक्काम कुठे करावा?

रेवा_ठाणे
नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या शेवटी इटलीला जायचं घाटतंय. आम्ही दोघं, लेक (चौथी संपेल) आणि माझे आई-बाबा. रोमचं सगळं ठरलंय. त्यानंतर पाचेक रात्री आमाल्फीच्या किनाऱ्यावर काढायच्या आहेत आणि तिथेच घोडं अडलंय.

नवऱ्याने पोझितानोचे फोटो पाहिल्यापासून त्याला दुसरं काही दिसत नाही. तिथल्या हॉटेलांचे दर पाहून मला मात्र काहीच दिसेनासं झालं. त्यात बाबांचा डावा गुडघा कुरकुरतो. सपाट रस्त्यावर ते आम्हा सगळ्यांच्या पुढे असतात, पण जिना उतरायचा म्हटलं की कठडा लागतो. आई शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही.

तर मुक्काम सोरेंतोत, पोझितानोत, आमाल्फीत की आणखी कुठे? गाडी भाड्याने घ्यावी का? (नवरा आपल्याकडे घाटात चालवतो, "त्यात काय!" असं त्याचं म्हणणं.) आणि मुळात ज्येष्ठांना घेऊन तिथे जावं का, की उगाच त्यांचे हाल?

अण्णा_गुहागर
समुद्र पाहिजे, डोंगर पाहिजे, शाकाहारी जेवण पाहिजे आणि गुडघ्याला आराम पाहिजे. आमच्याकडे या. व्हिसा लागत नाही. सोलकढीचे पैसे घेणार नाही.

तिरकीट
अण्णा, तुमच्याकडे यायचं तर मुंबई-गोवा महामार्गावरून यावं लागतं. त्यापेक्षा इटली जवळ पडते.

दर्यावर्दी
रेवाताई, मी जहाजावर होतो तेव्हा सालेर्नो बंदरात (या किनाऱ्याच्या पूर्व टोकाचं शहर) बऱ्याचदा मुक्काम पडायचा. निवृत्तीनंतर सौभाग्यवतींना घेऊन पुन्हा गेलो तेही सालेर्नोतच राहिलो. माझं मत सरळ आहे: हा किनारा समुद्रातून बघायचा. डोंगर थेट पाण्यात उतरलेत, घरं कड्याला चिकटलेली आहेत. रस्त्यावरून जाताना तुम्ही त्या चित्राच्या आत असता, त्यामुळे चित्र दिसत नाही. दिसतो तो पुढच्या बसचा मागचा भाग.

सालेर्नोचे फायदे ऐका. रोमहून वेगवान गाडी थेट तिथे जाते, दोन तासांच्या आतबाहेर. नेपल्सला सामानासकट गाडी बदलायची कटकट नाही. स्टेशनपासून बोटीचा धक्का चालत जाण्याइतका जवळ. किनाऱ्यालगतचा पायरस्ता सपाट, झाडांच्या सावलीचा, तुमच्या बाबांना पुढे पळायला भरपूर जागा. बोटीने आमाल्फी साधारण 35 मिनिटं, पोझितानो तासाभरापेक्षा थोडं जास्त. बोटी साधारण एप्रिल ते ऑक्टोबर चालतात, म्हणजे मे अखेरीस अडचण नाही. फक्त वारा उठला की फेऱ्या रद्द होतात, तेव्हा एखादा दिवस हातात राखून ठेवा.

तो राखलेला दिवस वाया जात नाही. सालेर्नोहून साध्या गाडीने अर्ध्या तासावर पेस्तुम आहे. तिथे ग्रीकांची तीन देवळं उभी आहेत, इसवी सनापूर्वीच्या सहाव्या-पाचव्या शतकातली, खांबांसकट. जमीन सपाट.

केळफूल
दर्यावर्दी काका, बोटीबद्दल शंभर टक्के सहमत, पण सालेर्नोबद्दल नाही. सालेर्नो चांगलं शहर आहे, तरी शहरच. सकाळी दहाला गर्दीबरोबर बोटीत बसायचं, संध्याकाळी गर्दीबरोबर परतायचं, यात किनाऱ्यावरच्या गावांची खरी वेळ हुकते. सहानंतर दिवसभराचे पाहुणे निघून जातात. मग म्हाताऱ्या बायका खुर्च्या घेऊन दारात बसतात, पोरं चर्चसमोर फुटबॉल बडवतात.

माझं मत मिनोरी किंवा मायोरीला. दोन्ही गावं शेजारी शेजारी, दोन्हींची समुद्राकडची बाजू सपाट, दोन्हीकडे बोट थांबते. मिनोरीत तर पुळणीपासून दोन मिनिटांवर पहिल्या शतकातल्या रोमन बंगल्याचे अवशेष आहेत. मायोरी दिसायला जरा साधं वाटेल, कारण ऑक्टोबर 1954 च्या पुरात या पट्ट्यात हाहाकार झाला होता. तीनशेहून जास्त माणसं गेली. त्यानंतर बांधलेल्या इमारती तुमच्या फोटोतल्यासारख्या नाहीत. पण या किनाऱ्यावरची सर्वांत लांब पुळण तिथेच आहे आणि रस्त्यावरून थेट वाळूत उतरता येतं.

तिरकीट
पोझितानोबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. तिथे "हॉटेल समुद्रापासून पाच मिनिटांवर" असं लिहिलेलं असतं ते उतरतानाचं असतं. चढतानाचं कोणी लिहीत नाही.

रेवा_ठाणे
तिरकीट, हे वाचून बाबा खो खो हसले आणि आईने माझ्याकडे रोखून पाहिलं. पोझितानोचा मुक्काम बहुतेक बाद. गाडीबद्दल कोणीतरी लिहा ना, नवरा वाचतोय.

मिलानकर
मी लिहितो, नोकरीनिमित्त इकडेच असतो.

नवरोबा, हा रस्ता एकोणिसाव्या शतकात बूर्बोन राजांच्या काळात झाला, घोडागाड्यांसाठी. आज त्याच रुंदीत मोठ्या बस दोन्हीकडून येतात. आंबेनळी घाटात दोन एसट्या समोरासमोर आल्या की जे नाट्य घडतं, तेच इथे दर चार-दोन वळणांवर, आणि खाली दरीऐवजी समुद्र. बसचालक वळणाआधी लांब भोंगा देतो. समोरच्याने थांबायचं, आरसे मिटायचे, वेळ पडली तर मागे घ्यायचं. मागे रांग लागलेली असते ती वेगळीच.

घाट तुम्ही चालवाल, त्यात शंका नाही. पण गाडी लावणार कुठे? आमाल्फी, पोझितानोत वाहनतळ थोडे आणि तासाचे दर डोळे पांढरे करणारे. 2022 पासून गर्दीच्या काळात सम-विषम नंबरांचा नियमही आहे: ईस्टरचा आठवडा, उन्हाळ्यातले शनिवार-रविवार, अख्खा ऑगस्ट. मे अखेरीला तुम्ही कदाचित सुटाल, जायच्या आधी त्या वर्षीच्या तारखा पाहून घ्या. शिवाय भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. जुन्या गावठाणात परवानगीशिवाय शिरलात तर कॅमेरा फोटो काढतो आणि दंड काही महिन्यांनी घरपोच येतो.

बसची तिकिटं तंबाखूच्या दुकानात किंवा स्टेशनजवळ घ्या. चोवीस तासांचा पासही मिळतो. बसमध्ये चढलं की तिकिटावर शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर तपासनीसासमोर तिकीट असून नसल्यासारखं. सोरेंतोहून आमाल्फीकडे जाताना उजवीकडे बसा, समुद्र त्या बाजूला. दुपारी मधल्या थांब्यांवरून चढायला जाऊ नका, भरलेली बस थांबतच नाही.

आलेपाक
ज्यांना गाडी लागते त्यांनी त्या बसचा नादच सोडावा. आमच्या वहिनी सोरेंतोहून निघाल्या तेव्हा "अय्या किती सुंदर" म्हणत होत्या. पोझितानो येईपर्यंत डोळे मिटून, तोंडाशी पिशवी धरून, कोणाला उद्देशून ते कळू न देता शिव्या देत होत्या. मी आल्याच्या वड्या घेऊन बसले होते म्हणून आमाल्फी गाठलं. परतीला त्यांनी बसकडे बघायलाही नकार दिला.

कोरडेठाक
सगळे इतके भारावून लिहीत आहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. आमाल्फीचा किनारा आज पाहण्यासारखा राहिलेला नाही. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना लिंबाच्या चित्राचे टॉवेल, लिंबाच्या चित्राच्या बश्या, लिंबाच्या चित्राचे झगे, आणि मधून मान वर करून फोटो काढणारी हजारो माणसं. दोन कॉफीच्या पैशात नेपल्समध्ये घरचे सगळे पिझ्झा खातील. एवढा खर्च करायचाच असेल तर सालेर्नोच्या दक्षिणेला चिलेंतोत जा. तोही जागतिक वारसा (1998), समुद्र तितकाच निळा आणि माणसं तुमच्याशी बोलतात.

केळफूल
@कोरडेठाक, टॉवेलांचं पटलं. पण त्यामागचं लिंबू तुम्ही पाहिलंत का?

मायोरी ते मिनोरी अशी एक जुनी पायवाट आहे, लिंबाच्या बागांमधून जाणारी. कड्यावर दगड रचून बांध घातलेत, चुना-सिमेंट काही नाही. त्यावर मूठ-मूठ माती धरून ठेवलेली. चेस्टनटच्या वाशांचे मांडव, त्यावर काळी जाळी, आणि आत लोंबणारी लांबट, टोकदार लिंबं, हातभर नाही पण तळहाताएवढी नक्कीच. पूर्वी ही लिंबं बायका वाहून आणायच्या, पन्नासेक किलोच्या टोपल्या पाठीवर घेऊन, याच पायऱ्यांवरून बंदरापर्यंत. मुंग्यांसारख्या एकामागोमाग चालायच्या म्हणून त्यांना तिथे छोट्या मुंग्याच म्हणायचे. आता वाहून न्यायला माणसं मिळत नाहीत, काही बागा ओस पडल्यात, आणि बांध राखला नाही की पावसात डोंगर खाली येतो. पाहुण्यांनी तिथलं लिंबू विकत घेतलं तर बाग टिकते. माझ्या मते हे बघायला जावंच, टॉवेल घ्यायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

(रेवा, या वाटेला पायऱ्या आहेत. बाबांना मिनोरीच्या टोकाकडून थोडं वर नेऊन परत आणता येईल.)

कोरडेठाक
वाट पाहिली नव्हती. बागांबद्दल मान्य. गर्दीबद्दल मत कायम.

गुळपोळी
काकूंच्या जेवणाबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून मीच लिहिते. आम्ही घरातले सगळे शाकाहारी, त्यातल्या सासूबाई अंडं नको गटातल्या.

उपाशी कोणी राहणार नाही, पण "भाज्याच आहेत" एवढ्यावर विसंबू नका. सुका पास्ता बहुतेक गव्हाच्या रव्याचा आणि पाण्याचा असतो, त्यात अंडं नसतं. डोंगरापलीकडचं ग्रान्यानो गाव त्यासाठीच प्रसिद्ध आहे. ताज्या पास्त्यात मात्र अंडं असू शकतं, विचारूनच घ्या. बटाट्याच्या न्योक्कीतही कधी कधी असतं. वांग्याची पार्मिजाना म्हणजे आपल्या लोकांचा आधार, तरी काही ठिकाणी वांगं अंड्यात बुडवून तळतात.

मासे लपून येतात. चेतारा गावात खारवलेल्या अँकोव्हीचा अर्क काढतात, चेस्टनटच्या पिंपात महिनोन् महिने दाबून ठेवून. दिसायला मधासारखा, आणि स्पॅगेटीवर चमचाभर घातला की डोळ्यांना काही कळत नाही. नाकाला कळतं. त्यामुळे "मासे नको" हे वेगळं सांगा, "मांस नको" म्हटल्यावर तिकडे मासा त्यात धरत नाहीत.

काकू अगदी काटेकोर असतील तर चीजचंही सांगते. पार्मेझान वासराच्या जठरातलं रेनेट (दूध फाडायचं विरजण) घालून करतात, म्हशीच्या दुधाच्या मोझरेलातही बहुधा तेच. आमच्या सासूबाईंनी हे ऐकून दोन दिवस टोमॅटो-लसणाची स्पॅगेटी आणि मारिनारा पिझ्झा खाल्ला (त्यावर चीज नसतंच), तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मला हे सांगितलंच नव्हतं असं समज."

गोडात लिंबाचा घुमट केक मिळतो, त्यात अंडं. काकूंना लिंबाचा बर्फगोळा द्या. आणि ते मोठं लिंबू चकत्या करून, सालाखालच्या जाड पांढऱ्या भागासकट, मीठ किंवा साखर लावून खातात. कडू लागत नाही.

तिरकीट
गुळपोळीताईंच्या सासूबाईंना माझा साष्टांग नमस्कार.

आलेपाक
जाताना तूप, पनीर, खवा नेऊ नका. युरोपात बाहेरून दूधदुभतं न्यायला बंदी आहे. भडंग, चिवडा, मेतकूट, लोणचं चालतं. आणि जिथे बसून खाल तिथे माणशी बसण्याचा आकार बिलात लागतो, त्यावरून वेटरशी भांडू नका. बारमध्ये उभ्याने कॉफी घेतली तर स्वस्त.

जुनापुराणा
या गावाचा इतिहास थोडा माहीत असेल तर फिरताना मजा येते. आज पाचेक हजार वस्तीचं आमाल्फी कधी काळी व्हेनिस, जेनोआ, पिसाच्या पंगतीत बसणारं समुद्री प्रजासत्ताक होतं. इटलीच्या नौदलाच्या झेंड्यावर या चौघांची चिन्हं अजून आहेत. आमाल्फीचे व्यापारी कैरो, कॉन्स्टँटिनोपलपर्यंत जायचे. मग पिसाने लुटलं, आणि 1343 च्या नोव्हेंबरात समुद्र असा चढून आला की बंदर आणि खालचा भाग वाहून गेला.

अरबांकडून घेतलेलं कागदाचं तंत्र मात्र टिकलं. चिंध्या कुटून कागद करायचे. 1231 मध्ये सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने सरकारी दस्तांना कागद वापरायला बंदी केली, टिकणार नाही म्हणून. जुन्या गिरणीत आता कागदाचं संग्रहालय आहे. गावाच्या वरच्या टोकाला आहे, पण रस्ता चढाचा असला तरी पायऱ्यांचा नाही. तुमच्या मुलीला लाकडी हातोडे पाण्यावर चालताना बघायला मिळतील.

कॅथेड्रलला मात्र 62 पायऱ्या आहेत. तिथे बाबांना खालच्या चौकात कॉफी.

पाऊलवाट
अवांतर आहे, पण राहवत नाही. रोमहून नेपल्सच्या दिशेला जाताना साध्या गाडीच्या मार्गावर कासिनो लागतं. तिथल्या युद्धस्मशानातल्या स्मारकावर, ज्यांची कबर सापडली नाही अशांच्या नावांत नाईक (हा लष्करातला हुद्दा) यशवंत घाडगे यांचं नाव आहे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. 10 जुलै 1944 ला टायबरच्या वरच्या खोऱ्यात तुकडीतले बाकी सगळे पडल्यावर एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले. वय 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. उंब्रियातल्या मोंतोने गावात 2023 साली त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळही उभारलंय.

अण्णा_गुहागर
माणगावात त्यांचा पुतळा आहे, जाता-येता दिसतो. तिकडे इटलीतही नाव कोरलेलं आहे हे माहीत नव्हतं. पाऊलवाट, आभार.

दर्यावर्दी
पाऊलवाट, उत्तम आठवण केलीत. सालेर्नोच्या दक्षिणेच्या पुळणीवरच 9 सप्टेंबर 1943 ला दोस्त सैन्य उतरलं होतं. आता तिथे छत्र्या आणि खुर्च्या.

मृदगंध७
मूळ प्रश्नाकडे येऊया का? मी 'देवांची वाट' नावाच्या इथल्या डोंगरातल्या पायवाटेवरून चालले आहे, त्याबद्दल लिहायचं होतं, पण रेवाच्या बाबांना उपयोग नाही. तरी नवरोबांना एक दिवस सुट्टी देणार असाल तर: बोमेरानोपासून नोचेल्लेपर्यंत साधारण सहा-सात किलोमीटर. याच दिशेने चाला, उलट गेलात तर चढ. सकाळी लवकर निघा, सावली फार कमी आहे. नोचेल्लेहून पोझितानोकडे उतरणाऱ्या दीडेक हजार पायऱ्या गुडघ्यांचा हिशेब करतात, त्यापेक्षा तिथून लहान बस पकडा. वाटेवर मध्येच वळण घेतलं की अख्खं पोझितानो पायाखाली आणि लांबवर काप्री बेट. फुकट.

ज्येष्ठांसाठी राव्हेल्लो. समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटर वर आहे, पण आमाल्फीहून बस वरपर्यंत नेते आणि चौक सपाट. व्हिला रुफोलोची बाग चौकातच उघडते. तिथून दोन घुमट आणि खाली समुद्र, हे चित्र तुम्ही सगळीकडे पाहिलं असेल. 1880 मध्ये जर्मन संगीतकार वॅग्नर इथे आला आणि आपल्या ऑपेरातली जादूची बाग सापडली म्हणाला. उन्हाळ्यात त्याच बागेत कड्यावर मंच उभारून मैफली होतात. व्हिला चिंब्रोनेची गच्ची त्याहून भारी, मात्र तिथवर दहा-पंधरा मिनिटं चढउताराची वाट आहे.

रेवा_ठाणे
सर्वांचे मनापासून आभार! रात्री जेवताना हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. बाबांनी परस्पर निकाल दिला: मिनोरी. कारण रोमन बंगला. (आणि सपाट, पण ते त्यांनी सांगितलं नाही.) नवऱ्याची गाडी रद्द, त्याबदल्यात त्याला देवांची वाट आणि पोझितानोत एक दुपार मंजूर. आई म्हणते की रेनेटचा तो परिच्छेद मी वाचायला नको होता.

दोनच प्रश्न उरले. लेकीला पाण्यात खेळायचंय, पुळण वाळूची आहे का? आणि रोमहून सालेर्नोला यायच्या दिवशी रेल्वेचा संप असेल तर काय करायचं? मैत्रिणीची गाडी ऐनवेळी रद्द झाली होती.

केळफूल
मिनोरी-मायोरीला करडी, जाडसर वाळू आणि बारीक खडे. पोझितानोत नुसते गोटे, दुपारी तापतात. रबरी तळव्याचे पाण्यात घालायचे बूट इथूनच घेऊन जा, तिकडे दुप्पट पैसे पडतील. छत्री-खुर्चीवाला भाग पैसे देऊन, त्याच्या बाजूला थोडा मोकळा भाग फुकट असतो. तो सकाळी लवकर भरतो. पाणी चार पावलांत खोल होतं, लेकीला एकटी सोडू नका. मे अखेरीस पाणी गारच असतं हेही सांगून ठेवते.

मिलानकर
संप इकडे आधी जाहीर करावा लागतो, वाहतूक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तारखांची यादी असते. आठवडाभर आधी बघा. संपातही सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ कामावर जाणाऱ्यांच्या गाड्या कामकाजाच्या दिवशी चालवाव्याच लागतात, आणि लांब पल्ल्याच्या काही ठराविक गाड्याही सुटतात, त्यांची वेगळी यादी असते. तुमची गाडी त्या यादीत आहे का पाहून तिकीट काढलंत तर निम्मी काळजी मिटली. सालेर्नोला उतरून मिनोरीची शेवटची बोट हुकली तर बस आहे, पण सामान जास्त असेल तर हॉटेलवाल्यालाच गाडी पाठवायला सांगा. आणि भाव आधी ठरवा.

आलेपाक
बस घेतलीत तर आल्याच्या वड्या.